पारंपरिक धनुष्याची चामड्याची मूठ हाताला नीट बसवण्यासाठी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लाँगबो (लांब, जवळजवळ सरळ पात्यांचे धनुष्य), साधा लाकडी रिकर्व्ह (पात्यांची टोके पुढे वळलेले धनुष्य) किंवा घोडेस्वारांच्या पद्धतीचे आखूड धनुष्य विकत घेतले की बहुतेकांची पहिली तक्रार मुठीबद्दल असते. चामडे निसरडे लागते, शिवण तळव्याला टोचते, मूठ हाताच्या मानाने बारीक किंवा जाड वाटते. उपाय म्हणून कोणी वर टेप गुंडाळतो, कोणी चामड्याला तेल चोळतो आणि कोणी मूठ अधिकच घट्ट धरतो. या तीनही उपायांनी बहुधा मूळ अडचण वाढते. बाण सोडताना धनुष्याचा हात सैल असावा लागतो. मूठ चांगली असण्याचा अर्थ तिला घट्ट धरता येणे असा नाही. प्रत्येक बाणाला हात न शोधता त्याच जागी जाऊन बसणे, एवढीच चांगल्या मुठीकडून अपेक्षा आहे. पुढच्या सर्व पायऱ्या या एका कसोटीवर बेतलेल्या आहेत.

इथे नागपुरात या कामाला हवामानाची आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो तेव्हा चामडे कोरडे पडून कडक होते, जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर बुरशी धरते आणि कूलरच्या खोलीत ठेवलेले धनुष्य ऐन उन्हाळ्यातही दमट हवेत राहते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मित्राने सांगितलेली कृती इथे जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. हातात वेळ असेल, तर मोठे काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात काढावे.

१. आधी तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. मुठीची तक्रार तीन प्रकारची असू शकते. चामड्याचा पृष्ठभाग चुकीचा असतो, मुठीचा आकार चुकीचा असतो किंवा हात चुकीच्या जागी बसत असतो. तिसऱ्या प्रकारात चामड्याला हात लावण्याची गरजच नसते.

तपासणी सोपी आहे. मुठीवर टाल्कम पावडरचा किंवा खडूच्या भुकटीचा पातळ थर द्या, नेहमीप्रमाणे धनुष्य धरा, बाण लावून पूर्ण खेचा आणि न सोडता हळूहळू परत आणा. बाण लावलेला असो वा नसो, घरात किंवा गच्चीवर हा प्रयोग करताना समोर मोकळी, सुरक्षित दिशा असावी. आणि बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नये, कारण तो सगळा धक्का धनुष्याच्या अंगावर येतो आणि लाकूड फाटू शकते. आता तळवा पाहा. भुकटी प्रामुख्याने अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर, म्हणजे आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला उमटली असेल, तर हात जागेवर आहे. ती रेषेच्या पलीकडे, करंगळीखालच्या भागापर्यंत पसरली असेल, तर तुम्ही मूठ संपूर्ण तळव्यात घेता आहात. अशा पकडीत बाण सुटताना धनुष्य कडेला पिळले जाते आणि उजव्या-डाव्या बाजूचा विखुरलेपणा वाढतो. बोटांची पेरे उभ्या रेषेशी साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात आली की हा भाग आपोआप मोकळा होतो. तेवढा बदल करून दोन आठवडे सराव करा आणि मगच पुढे वाचा.

प्रयोग लागोपाठ चार-पाच वेळा करावा. ठसा दर वेळी वेगळ्या जागी उमटत असेल, तर तक्रार आकाराची आहे, कारण हाताला टेकायला खूण सापडत नाही. ठसा एकाच जागी उमटतो पण खेचताना हात खाली घसरत जातो, भुकटी रेघेसारखी ओढली जाते, तर तक्रार पृष्ठभागाची आहे. पहिल्या परिस्थितीत सहावी पायरी, दुसऱ्या परिस्थितीत चौथी आणि पाचवी पायरी तुमच्या कामाची.

२. मुठीवरचे चामडे ओळखा

वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे आणि क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले चामडे यांची वागणूक अगदी वेगळी असते. कोल्हापुरी चपलांचे चामडे पहिल्या प्रकारचे. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असे चामडे ओले केल्यावर हवा तसा आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक आणि पाण्याला जास्त दाद न देणारे असते. ते ओले करून आकार देण्याचा प्रयत्न वाया जातो.

मुठीच्या कापलेल्या कडेकडे भिंगातून पाहा. गाभा तपकिरी दिसला, तर चामडे बहुधा वनस्पतीजन्य. निळसर-करडी छटा दिसली, तर क्रोमचे. चामड्याच्या वरच्या बाजूलाच, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टेकवा. तो लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला, तर चामड्यावर लेप नाही. थेंब तसाच गोल उभा राहिला, तर वर फिनिश आहे आणि निसरडेपणाचे मूळ बहुतेक तेच आहे. खरबरीत, लव असलेला पृष्ठभाग दिसत असेल तर ते स्वेड. घामट हातासाठी तेच सर्वांत सोयीचे, मात्र ते लवकर मळते.

३. साहित्य

सगळे साहित्य एकदम घेण्याची गरज नाही. पहिल्या गटावर बहुतेकांचे काम भागते.

स्वच्छतेसाठी आणि पृष्ठभागासाठी: मऊ सुती फडके, जुना दातांचा ब्रश, साधे खोडरबर, सौम्य साबण, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मधमाशीच्या मेणाची छोटी वडी.

आकारासाठी: औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी, १ ते २ मिलिमीटर जाडीची कॉर्क शीट किंवा चामड्याचे तुकडे, धारदार कटर.

नवे चामडे चढवण्यासाठी: १ ते १.५ मिलिमीटर जाडीचे चामडे, आरी (चामड्याला छिद्रे पाडायचे टोकदार हत्यार), बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला जाड दोरा, स्टीलची पट्टी, कागद, कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे चपलांच्या कामात वापरले जाणारे सोल्युशन, कपड्यांना लावायचे प्लॅस्टिकचे चिमटे.

चामड्याचा तुकडा, दोरा आणि सोल्युशन यांसाठी नागपूरच्या इतवारीतल्या ठोक बाजारात चपला आणि बॅगांच्या सामानाची चौकशी करावी. अखंड कातडे घेऊ नका. मुठीला तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा पुरतो आणि कारागिरांकडे असे उरलेले तुकडे असतात. शेळीचे चामडे पातळ असूनही चिवट असते आणि पहिल्या प्रयत्नाला ते सोपे जाते. म्हशीचे जाड चामडे घेतले, तर कडा छिलून घ्याव्या लागतात आणि ते रापीचे (चर्मकाराच्या रुंद पात्याच्या सुरीचे) काम सरावाचे आहे. रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकाराकडून कडा छिलून घेणे यात कमीपणा नाही. तो पाच मिनिटांत जे करतो, त्याला आपल्याला संध्याकाळ लागते आणि तरीही चामड्याला भोक पडते.

४. स्वच्छता

दोरी उतरवून घ्या. कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ काढा. नंतर फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळा, त्याला नावापुरता साबण लावा आणि मूठ पुसा. लगेच दुसऱ्या साध्या ओलसर फडक्याने साबण काढा. पाणी मुठीच्या कडेतून आत जाऊ देऊ नये, विशेषतः बांबूच्या धनुष्यात. शिंग आणि स्नायूतंतू वापरून केलेल्या खऱ्या संमिश्र धनुष्यात तर मुळीच नाही, कारण ते प्राणिज सरसाने जोडलेले असते आणि ओल व उष्णता या दोन्हींनी तो सरस सैल पडतो.

वाळवण्यासाठी सावली आणि पंखा पुरेसा आहे. ऊन, हेअर ड्रायर आणि बंद कार टाळा. मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कारमध्ये फायबरग्लासचे थर चिकटवलेले धनुष्यही सुरक्षित नसते. कूलरसमोर ठेवणे हीदेखील चूकच. त्या वाऱ्यात पाण्याचा अंश असतो आणि चामडे दिवसभर ओलसर राहते.

बुरशी दिसली तर धनुष्य घराबाहेर न्या, कोरड्या फडक्याने पुसा, ते फडके टाकून द्या आणि मग वरची कृती करा. घरात झटकले, तर बुरशीचे बीजाणू शेजारच्या बूट-बॅगांवर जाऊन बसतात.

५. निसरडेपणा कमी करणे

स्वच्छतेनंतर अनेकदा लक्षात येते की निसरडेपणा चामड्याचा नव्हताच, घाम आणि मळ यांच्या थराचा होता. तसे नसेल, तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने वरची चकाकी मोडा. बोट फिरवून पाहा. गरज वाटली तरच २२० वापरा. चामड्याचा वरचा थर झीज सोसतो, तो काढून टाकायचा नाही, त्याची फक्त तकाकी घालवायची आहे. स्वेड असेल, तर खोडरबर चोळून चेपलेली लव पुन्हा उभी करता येते.

यानंतर मेणाचा हात. वडी बोटांच्या उबेने मऊ करून जेथे अंगठा आणि तर्जनी टेकतात तेवढ्याच भागावर अत्यंत पातळ थर द्या आणि फडक्याने चोळा. मेण किंचित चिकट असल्याने पकड येते. जाड थर दिला, तर उन्हाळ्यात तो मऊ होऊन धूळ पकडतो.

तेलाबद्दल सावध राहावे. खोबरेल तेल घरात हाताशी असते म्हणून लावले जाते. ते चामडे मऊ आणि काळपट करते, मूठ निसरडी करते आणि कालांतराने खवट वास येऊ लागतो. डिसेंबरच्या थंडीत बाटलीत गोठणारे तेल चामड्यातही तसेच गोठते, हे वेगळे सांगायला नको. विदर्भात जवसाचे तेलही सहज मिळते आणि लाकडाला ते चांगले म्हणून कोणीतरी चामड्यालाही सुचवते. जवसाचे तेल हवेत वाळून कडक थर धरते. लाकडावर तो गुण आहे. वाकणाऱ्या चामड्यावर त्याला तडे जातात. चामडे खरोखर कोरडे पडून भेगाळले असेल, तर चामड्यासाठीचे कंडिशनर फडक्यावर दोन-तीन थेंब घेऊन लावा, एक रात्र मुरू द्या आणि उरलेले पुसून टाका.

ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांनी या सगळ्यावर विसंबू नये. कमरेला छोटे फडके अडकवून प्रत्येक फेरीनंतर हात पुसणे, हा उपाय कोणत्याही लेपापेक्षा भरवशाचा आहे.

६. आकार बदलणे : आधी टेपने, मग कायमचे

मुठीच्या आकारात एक मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो, म्हणून थेट चिकटवण्याची घाई करू नका. कापडी चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक लावून उंचवटा तयार करा आणि किमान काही सराव-सत्रे त्यावर नेमबाजी करा. पट्टी काढता येते, हलवता येते, कापता येते. एका वेळी एकच बदल करावा. जाडी आणि उतार दोन्ही एकदम बदलले, तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

बदल कुठे करायचा हे भुकटीच्या ठशावरून ठरते. हात उभ्या दिशेने जागा बदलत असेल, तर मुठीच्या गळ्याशी, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याच्या किंचित खाली, छोटा उंचवटा उपयोगी पडतो. बेचके त्याच्या वरच्या कडेला टेकते आणि हाताला खूण मिळते. सरळ मुठीच्या लाँगबोवर हा उपाय विशेष लागू पडतो. तळव्याचा खालचा भाग जास्त दाब देत असेल, तर खालच्या भागात भर घालू नका, उलट असलेली भर कमी करा. मूठ फार बारीक असल्याने बोटे तळव्याला टोचत असतील, तर सगळीकडे सारखी जाडी वाढवा, पण मुठीचा आडवा छेद गोल होऊ देऊ नका. गोल मूठ हातात फिरते. चपटेपणा किंवा मागच्या बाजूची हलकी धार हीच हाताला दिशा दाखवते.

पट्टीचा आकार पटला की त्याची जाडी मोजून तेवढाच कॉर्कचा किंवा चामड्याचा तुकडा कापा. त्याच्या सर्व कडा शून्यापर्यंत निमुळत्या करा. कडा उभी राहिली, तर वरून कितीही चांगले चामडे चढवले तरी ती रेघ तळव्याला जाणवत राहते. तुकडा चिकटवण्यापूर्वी सोल्युशनचा एक ठिपका मुठीच्या न दिसणाऱ्या भागावर लावून लाकडावरचे पॉलिश विरघळत नाही ना, ते पाहा. शंका असेल, तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. वरून चामडे ताणून शिवले जाणार असल्याने तुकडा हलत नाही.

७. नवे चामडे चढवणे

दोरी उतरवलेली असू द्या. जुने चामडे शिवणीवरून कापून काढा. धार धनुष्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला ठेवा. जुने चिकटलेले सोल्युशन अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढावे. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरल्यास पॉलिशही निघून येते.

माप कागदावर घ्या. मुठीभोवती कागद गुंडाळून कडा जिथे मिळतात तिथे खूण करा. मूठ मध्ये बारीक आणि टोकांना रुंद असल्याने कागद सरळ पट्टीसारखा बसत नाही. त्याला छोटे काप देऊन टेपने जोडत खरा आकार मिळवा. मग दोन्ही उभ्या कडांवरून साधारण दोन-दोन मिलिमीटर कमी करा, म्हणजे शिवताना चामडे ताणले जाऊन घट्ट बसेल. शिवण कुठे येणार तेही आत्ताच ठरवायचे. ती धनुष्याच्या लक्ष्याकडच्या बाजूला यावी, जिथे फक्त बोटांची टोके सैल टेकतात. दाब येतो तो तुमच्याकडच्या बाजूला. तिथे शिवण आली, तर काम पुन्हा करावे लागेल.

कडेपासून तीन ते चार मिलिमीटर आत रेघ ओढा आणि पाच-पाच मिलिमीटरवर खुणा करा. दोन्ही कडांवरच्या छिद्रांची संख्या सारखी हवी. आरीने छिद्रे पाडताना खाली लाकडाचा तुकडा घ्या.

चामडे वनस्पतीजन्य असेल, तर ते कोमट पाण्याने ओलसर करून चढवावे. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. हिरडा आणि बाभळीतले टॅनिन लोखंडाला भिडले की काळे पडते. रंगारी पूर्वी हिरडा आणि लोखंड यांतूनच काळा रंग काढत. ओल्या चामड्यावर कागदांना लावायची लोखंडी क्लिप लावली, की तिच्या दातांचा निळसर-काळा ठसा कायमचा उमटतो आणि गंजकी आरीही छिद्राभोवती तशीच कडी सोडते. म्हणून चिमटे प्लॅस्टिकचे घ्या, आरी पुसून घ्या आणि बोअरच्या पाण्याऐवजी पिण्याचे गाळलेले पाणी वापरा. बांबू किंवा शिंगाचे धनुष्य असेल, तर चामडे भिजवू नका. फडक्याने फक्त ओलसर करा आणि मुठीवर आधी स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून त्यावर शिवा.

सोल्युशन वापरायचे असेल, तर चामडे कोरडे असताना, फक्त मधल्या पट्ट्यात वापरा. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या, बोटाला चिकटणे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि मग दाबा. कूलरच्या किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत थरावर बाष्प जमते आणि जोड कच्चा राहतो. मेच्या दुपारी थर फार लवकर वाळतो. सकाळची वेळ, उघडी खिडकी आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नसणे, एवढे पाळावे. मी स्वतः मुठीला सोल्युशन लावण्याच्या विरोधात आहे. नीट ताणून शिवलेले चामडे हलत नाही आणि पुढच्या वेळी ते काढताना धनुष्याच्या पॉलिशला धक्का लागत नाही.

शिवणीच्या लांबीच्या सहा-सात पट दोरा घ्या, दोन्ही टोकांना सुया ओवा आणि वरच्या टोकाच्या दोन छिद्रांतून आतून बाहेर काढा. आता बुटाच्या नाडीप्रमाणे फुली घालत खाली या. प्रत्येक सुई समोरच्या कडेखालून आतून बाहेर आली पाहिजे. दर दोन टाक्यांनी दोन्ही दोरे सारख्या जोराने ओढा. एकाच बाजूचा दोरा ओढला, तर शिवण तिरकी चालत जाते. कडा एकमेकींना नुसत्या भिडल्या पाहिजेत, एकमेकींवर चढता कामा नयेत. शेवटची गाठ चामड्याखाली सारा. सावलीत एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस वाळू द्या. त्याआधी दोरी चढवू नका.

८. मोजमापे पुन्हा तपासा

दोरी चढवताना स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवण्याची दोरी) वापरा; पायात अडकवून वाकवल्यास धनुष्याचे पाते पिळू शकते. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून चढवलेल्या दोरीपर्यंतचे अंतर, मुठीच्या गळ्यापासून मोजत असाल, तर तिथे दोन मिलिमीटर भर पडल्याने आकडा दोन मिलिमीटर कमी दिसेल. दोरी मात्र बदललेली नसते. घाबरून दोरीला पीळ देऊ नका. नवा आकडा लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशी तुलना करा. हाताचा दाब वर किंवा खाली सरकला असेल, तर बाण उंच किंवा खाली जाऊ शकतो आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावण्याची ठरलेली जागा) किंचित हलवावा लागतो.

चामडे बाण टेकतो त्या शेल्फपर्यंत नेऊ नका. शेल्फच्या कडेला जाडी वाढली, की बाण मध्यरेषेपासून बाहेर ढकलला जातो, तोच बाण धनुष्याला जास्त ताठ पडतो आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बाण डावीकडे जाऊ लागतो. ज्या धनुष्यांना शेल्फच नाही आणि बाण थेट हातावरून जातो, त्यांत मुठीची बाजूची जाडी हाच बाणाचा मार्ग असतो. तेथे बाजू शक्य तितकी पातळ ठेवा. बाणाच्या पिसाच्या पुढच्या टोकाची कडाही दोऱ्याने बांधून घ्यावी, नाहीतर ती बोटाला चिरा पाडते.

स्पर्धेत उतरणार असाल, तर मुठीवर वेगळ्या रंगाचे पट्टे किंवा खुणा घेण्यापूर्वी त्या प्रकाराचे नियम वाचा. नेम धरण्यास मदत होईल अशी खूण अनेक प्रकारांत चालत नाही.

नवे चामडे पहिल्या काही सत्रांत ताणले जाते. मूठ हातात फिरते असे वाटल्यास वर टेप गुंडाळू नका. खालची गाठ सोडून शिवण वरून खाली एकेक टाका ओढत पुन्हा घट्ट करा आणि भुकटीचा प्रयोग पुन्हा करून पाहा. पावसाळ्यात धनुष्य बंद पिशवीत न ठेवता भिंतीवरच्या दोन लाकडी खुंट्यांवर आडवे, हवा लागेल असे ठेवावे. ती भिंत बाहेरून ओल धरणारी किंवा कूलरच्या समोरची नसावी.